सिंगापूर बोटॅनिक गार्डन्स: विनामूल्य वनस्पती उद्यान अर्ध्या दिवसात नीट कसे पाहावे

सिंगापूरच्या सहलीचा कार्यक्रम आखताना बहुतेक मराठी कुटुंबांच्या यादीत सेंटोसा, युनिव्हर्सल स्टुडिओज, रात्रीचे प्राणिसंग्रहालय आणि खरेदी एवढे असतेच. वनस्पती उद्यानासाठी मात्र शेवटच्या दिवशीचा उरलासुरला तास राखून ठेवला जातो, आणि तोही सामानाची बांधाबांध लांबली की हातचा जातो. ज्या शहरात जवळजवळ प्रत्येक प्रेक्षणीय स्थळाचे तिकीट खिशाला जाणवते, त्या शहरात जागतिक वारसा यादीतले एक आख्खे उद्यान पहाटे पाचपासून मध्यरात्री बारापर्यंत, वर्षाचे बाराही महिने, एक पैसाही न घेता खुले असते, याची दखल घ्यायला हवी. ते उद्यान एका सकाळी, घाई न करता आणि फार न दमता कसे पाहावे, याचे टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन पुढे केले आहे.

सुरुवातीलाच एक गोंधळ दूर करायला हवा. ‘गार्डन्स बाय द बे’ आणि ‘सिंगापूर बोटॅनिक गार्डन्स’ ही दोन वेगळी ठिकाणे आहेत. पहिले समुद्रात भर घालून मिळवलेल्या जमिनीवर वसवलेले असून २०१२ मध्ये खुले झाले. तिथले काचेचे प्रचंड घुमट पाहण्यासाठी तिकीट लागते. दुसरे १८५९ पासून आजच्या जागी उभे आहे आणि या लेखाचा विषय तेच आहे. टॅक्सीचालकाला नुसते ‘गार्डन्स’ सांगितले, तर तो पर्यटकाला बहुधा पहिल्याच ठिकाणी नेऊन सोडेल.

काय विनामूल्य आहे आणि काय नाही

उद्यानाचे क्षेत्रफळ सुमारे ८२ हेक्टर आहे. त्यातल्या फक्त एका भागाला, म्हणजे राष्ट्रीय ऑर्किड उद्यानाला, तिकीट आहे. बाकीची सर्व तळी, हिरवळी, मूळचे वर्षावन, आल्याच्या कुळाची बाग, औषधी वनस्पतींची बाग, लहान मुलांची बाग, वारसा संग्रहालय आणि नव्याने जोडलेला जंगलाचा पट्टा हे सगळे विनामूल्य आहे. टूर कंपन्यांच्या कार्यक्रमात मात्र ‘बोटॅनिक गार्डन’ या नावाखाली बहुतेकदा या एका तिकिटाच्या भागाचीच धावती फेरी असते. बस नॅसिम दरवाज्यापाशी थांबते, तासाभरात ऑर्किडे पाहून होतात, फोटो निघतात आणि मंडळी पुन्हा बसमध्ये बसतात. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. ऑर्किड उद्यान सुंदर आहे यात वाद नाही, पण या जागेला जागतिक वारशाचा मान ज्या गोष्टींमुळे मिळाला, त्यातल्या बहुतेक तिकिटाच्या फाटकाबाहेर आहेत. त्यामुळे विनामूल्य भाग आधी आणि सावकाश पाहावा, ऑर्किड उद्यान पुढे वेळ व इच्छा उरल्यास पाहावे, अशी या लेखातली आखणी आहे.

वेळ कोणती निवडावी

सिंगापूर विषुववृत्तापासून जेमतेम दीडशे किलोमीटरवर असल्यामुळे तिथे दिवस-रात्रीची लांबी वर्षभर जवळपास सारखीच राहते. शिवाय तिथले घड्याळ भौगोलिक स्थानाच्या मानाने पुढे लावलेले असल्याने सूर्योदय सकाळी सातच्या आसपास आणि सूर्यास्त संध्याकाळी सातच्या आसपास होतो. दरवाजे पाचला उघडतात म्हणून कोणी साडेपाचला पोहोचले, तर पुढचा तास-सव्वा तास अंधारात काढावा लागेल. दिव्याखालच्या मुख्य वाटांवर चालायला येणारे स्थानिक लोक तेव्हाही दिसतात, पण झाडे दिसत नाहीत. सकाळी पावणेसात ते सात ही पोहोचण्याची उत्तम वेळ होय. भारतापेक्षा तिथले घड्याळ अडीच तास पुढे असल्याने पहिल्या-दुसऱ्या दिवशी लवकर उठणे जड जाते, हे ध्यानात घेऊन ही सकाळ सहलीच्या तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी ठेवावी.

सकाळचा आग्रह धरण्यामागे दोन कारणे आहेत. मे महिन्यातल्या मुंबईसारखा दमटपणा तिथे बाराही महिने असतो आणि साडेदहानंतर उघड्या हिरवळीवर चालणे नकोसे होते. दुसरे कारण पावसाचे. डिसेंबरपासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत ईशान्य मोसमी वारे असतात, त्यातही डिसेंबर-जानेवारीत दिवसदिवसभर झड लागू शकते. एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर या संधिकाळात दुपारनंतर विजांसह जोरदार सरी कोसळतात. जून ते सप्टेंबर या काळात सुमात्राच्या बाजूने येणारी वादळी वाऱ्याची लाट पहाटेच्या सुमारास शहरावरून जाऊ शकते, पण ती सहसा तास-दोन तासांत ओसरते. अशा सकाळी सहल रद्द न करता ती नऊपर्यंत पुढे ढकलावी. पावसानंतर वर्षावन पाहणे वेगळेच असते.

वाराचाही विचार करावा. औषधी वनस्पतींची बाग मंगळवारी आणि लहान मुलांची बाग सोमवारी बंद असते. रविवारी गर्दी होते, कुत्र्यांना फिरवणारे आणि सहभोजनाला आलेले लोक हिरवळी व्यापून टाकतात. शनिवारी सकाळी प्रशिक्षित स्वयंसेवक विनामूल्य मार्गदर्शन-फेऱ्या घेतात. त्यांचा विषय आणि नावनोंदणीची रीत उद्यानाच्या संकेतस्थळावर आधी पाहून घ्यावी. पर्याय असेल तर बुधवार ते शुक्रवार या दिवसांपैकी एखादा निवडावा.

कसे पोहोचावे आणि कोणत्या दरवाज्याने आत जावे

उद्यान उत्तर-दक्षिण लांबट आहे आणि एका टोकापासून दुसरे टोक अडीच किलोमीटरच्या घरात आहे. दोन्ही टोकांना मेट्रोची, म्हणजे तिथल्या भाषेत एमआरटीची, स्थानके आहेत आणि त्यामुळेच आलो त्याच वाटेने परत फिरण्याची गरज पडत नाही. दक्षिणेला टँगलिन दरवाज्याजवळ नेपियर हे स्थानक २०२२ च्या अखेरीस सुरू झाले. उत्तरेला बुकित तिमाह दरवाज्यापाशी बोटॅनिक गार्डन्स हेच नाव असलेले स्थानक आहे. नेपियर सुरू होण्यापूर्वीच्या अनेक प्रवासवर्णनांत उत्तरेकडून आत शिरण्याचा सल्ला आढळतो, तो आता बाजूला ठेवावा. दक्षिणेकडून शिरल्यास सर्वांत जुना भाग, सर्वांत मोठी झाडे आणि वर्षावन हे सगळे ऊन वर येण्याआधी पाहून होते आणि उन्हाच्या वेळी आपण मेट्रोच्या जवळ पोहोचलेले असतो.

लिटल इंडिया भागात उतरलेल्यांसाठी मार्ग सोपा आहे. लिटल इंडिया स्थानकावरून निळ्या रंगाच्या डाउनटाउन मार्गिकेची गाडी पकडावी, न्यूटननंतर येणाऱ्या स्टीव्हन्सला उतरावे आणि तपकिरी रंगाच्या थॉमसन-ईस्ट कोस्ट मार्गिकेवर बदलून पुढचेच स्थानक नेपियर गाठावे. ऑर्चर्डहून येणाऱ्यांना याच तपकिरी मार्गिकेवर दुसरे स्थानक नेपियर लागते. परतताना बोटॅनिक गार्डन्स स्थानकावरून डाउनटाउन मार्गिकेने तिसरे स्थानक लिटल इंडिया येते, गाडी बदलावी लागत नाही. विमानतळावर दीर्घ थांबा असून शहरात प्रवेशाची परवानगी असलेल्या प्रवाशांनी चांगीहून एक्स्पो स्थानकापर्यंत येऊन तिथून डाउनटाउन मार्गिकेने थेट बोटॅनिक गार्डन्सपर्यंत यावे. या प्रवासाला तासाभराचा अवधी धरावा. वेगळे तिकीट काढण्याची गरज नसते, स्पर्शाने चालणारे बँकेचे कार्ड फाटकावर टेकवले की भाडे वजा होते, मात्र भारतीय कार्डावर परदेशी व्यवहार आधी सुरू करून घ्यावे लागतात. गाडीत आणि स्थानकात खाण्यापिण्यास बंदी आहे व दंड पाचशे सिंगापूर डॉलरपर्यंत होऊ शकतो, म्हणून पाण्याची बाटलीही बॅगेतच राहू द्यावी.

सोबत काय घ्यावे

पायांत सवयीचे बूट असावेत, कारण वर्षावनातली लाकडी वाट ओली असताना निसरडी होते. छत्री उन्हासाठी आणि पावसासाठी अशी दोन्हीकडे कामाला येते. नळाचे पाणी पिण्यायोग्य असते, त्यामुळे रिकामी बाटली नेऊन भरून घ्यावी. डास चावू नयेत म्हणून लावायचे मलम विसरू नये. सिंगापूरमध्ये डेंग्यूचा प्रादुर्भाव अधूनमधून होत असतो. हिरवळीवर चटई पसरून घरचे खाणे खाता येते आणि शाकाहारी मंडळींनी तसेच करावे, कारण उद्यानातली उपाहारगृहे महाग आहेत. घरून नेलेल्या दशम्या, मेथीचे ठेपले, चिवडा हे उत्तम. मात्र अनारसे नेण्याचा विचार असेल तर एक गोष्ट सांगायला हवी: सिंगापूरमध्ये खसखस आणण्यावर अमली पदार्थांच्या कायद्याखाली निर्बंध आहेत, तेव्हा अनारसे घरीच खाऊन निघावे.

पहिला टप्पा: टँगलिनचा जुना भाग (सात ते सव्वाआठ)

टँगलिन दरवाज्याने आत शिरताच डाव्या-उजव्या बाजूला वनस्पतिशास्त्र केंद्राच्या इमारती दिसतात. ग्रंथालय आणि सुमारे साडेसात लाख वाळवलेल्या वनस्पती-नमुन्यांचा संग्रह इथेच आहे. पर्यटकाला तो आत जाऊन पाहता येत नसला, तरी आपण नुसत्या बागेत नव्हे तर एका चालत्या संशोधन संस्थेत फिरत आहोत, हे भान त्यामुळे येते. माहिती कक्षातून कागदी नकाशा मिळाला तर घ्यावा; सकाळी लवकर तो बंद असेल तर वाटेवरच्या मोठ्या नकाशाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा.

मुंबईच्या राणीच्या बागेशी या जागेचे नाते आहे, ते काळाचे आणि हेतूचे. दोन्ही एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, शेती व बागायत यांसाठी स्थापन झालेल्या हौशी मंडळांनी उभ्या केल्या. सिंगापूरमध्ये ते मंडळ पुढे कर्जात बुडाले आणि १८७४ मध्ये उद्यान सरकारकडे गेले. सरकारच्या हाती गेल्यावर त्याचे काम बदलले: साम्राज्याच्या बाजारपेठेत चालतील अशी पिके शोधणे, रुजवणे आणि मळेवाल्यांना बियाणे देणे. ब्राझीलमधून आणलेल्या रबराच्या बियांची लंडनजवळच्या क्यू उद्यानात रोपे झाली आणि त्यांतली २२ रोपे १८७७ मध्ये सिंगापूरला आली. १८८८ मध्ये संचालक म्हणून आलेल्या हेन्री रिडली यांनी झाड न मारता सालीवर तिरके छेद घेऊन चीक काढण्याची पद्धत बसवली. ते मळेवाल्यांच्या मागे लागून रबराच्या बिया देत, त्यामुळे लोक त्यांना ‘वेडा रिडली’ म्हणत. मोटारी आल्या आणि त्यांच्या चाकांना रबर हवे झाले, तेव्हा याच वेडेपणाने मलायाचे अर्थकारण पालटले. सिंधुदुर्गातल्या दोडामार्गच्या उतारांवर आज जे रबराचे मळे दिसतात, ते याच जातीच्या झाडांचे आहेत.

आत गेल्यावर प्रथम स्वान लेक लागते. हे तळे १८६६ मधले आहे. काठाने डावीकडून जावे; या वेळी काठावर लाजरी पाणकोंबडी हमखास दिसते, तीच जी कोकणात परसदारी दिसते. पुढे चढाच्या दिशेने गेल्यावर अष्टकोनी बँडस्टँड येतो, १९३० मध्ये बांधलेला. त्याच्या भोवतीच्या पर्जन्यवृक्षांची पाने पिवळसर असतात, ती वाळलेली नव्हेत, तो त्या झाडांचा वाणच तसा आहे.

याच भागातल्या एका हिरवळीवर पाच डॉलरच्या नोटेवरचे झाड आहे. खिशात तशी नोट असेल तर मागची बाजू काढून समोर धरावी आणि झाडाशी ताडून पाहावी. टेंबुसू जातीचा हा वृक्ष उद्यान होण्याच्या आधीपासून तिथे उभा आहे. त्याची ओळख म्हणजे जमिनीपासून थोड्याच उंचीवर फुटून आडवी पसरलेली एक अजस्र फांदी. पूर्वी लोक तिच्यावर बसून फोटो काढत. आता भोवती कुंपण आहे आणि फांदीला आधार दिलेला आहे. साल पाहायला मात्र कुंपण आड येत नाही: गडद करडी, उभ्या खोल चिरा पडलेली आणि चिरांच्या कडा हाताला लागतील इतक्या वर उचललेल्या. याची फुले लहान, पिवळसर असतात आणि संध्याकाळी उमलून वास सोडतात, म्हणून सकाळी झाडाखाली वास येत नाही म्हणून निराश होऊ नये.

बँडस्टँडच्या आसपासच्या उतारावर रोपगृहाकडे जाणाऱ्या विटांच्या पायऱ्या आहेत. तिथून न थांबता जाणारेच अधिक. जपानी ताब्याच्या काळात, १९४२ ते १९४५ या दरम्यान, ऑस्ट्रेलियन युद्धकैद्यांकडून या विटा करवून घेतल्या गेल्या आणि त्यांतल्या काही विटांवर कैद्यांनी बाणाची खूण उमटवून ठेवली. ओलसर, शेवाळलेल्या विटांवर ती खूण शोधायला खाली वाकावे लागते. लहान मुले ती मोठ्यांच्या आधी शोधतात.

ज्यांना चालण्याची चांगली सवय आहे, त्यांनी स्वान लेकपासून पश्चिमेकडे लर्निंग फॉरेस्टचा फाटा घ्यावा. २०१७ मध्ये खुल्या झालेल्या या दहा हेक्टरच्या पट्ट्यात गोड्या पाण्याचे दलदलीचे जंगल पुन्हा उभे केले आहे आणि जमिनीपासून वर उचललेल्या वाटेवरून पुढे मोठमोठे होणारे वृक्ष वाढताना पाहता येतात. या फाट्याला पाऊण तास अधिक धरावा. कुटुंबात ज्येष्ठ किंवा लहान मुले असतील, तर तो गाळलेला बरा.

दुसरा टप्पा: मूळचे वर्षावन

बँडस्टँडच्या पलीकडे, नकाशावर गडद हिरवा दाखवलेला जो सहा हेक्टरचा तुकडा आहे, तो कोणी लावलेला नाही. उद्यानाच्या आधीपासून असलेले आणि बेटावरचे बाकीचे जंगल मळ्यांसाठी तोडले गेले तेव्हा वाचलेले हे वन आहे. त्यात वनस्पतींच्या तीनशेहून अधिक जाती आहेत. एवढ्या मोठ्या शहराच्या मध्यभागी, कार्यालये आणि बंगल्यांपासून पाच मिनिटांच्या अंतरावर, असे वन उरणे ही दुर्मीळ गोष्ट आहे.

या टप्प्याला किमान अर्धा तास द्यावा आणि तो चालण्यात नव्हे तर थांबण्यात घालवावा. आत जाताच उजेड एकदम कमी होतो आणि डोळे सरावायला एक-दोन मिनिटे लागतात. सह्याद्रीतल्या देवराईत ज्यांनी पाऊल ठेवले आहे, त्यांना थर ओळखता येतील: जमिनीवर नेचे आणि आल्याच्या कुळातली झुडपे, त्यावर वेताच्या काटेरी वेली, त्यावर मध्यम उंचीची झाडे आणि सर्वांत वर, मान पूर्ण मागे टाकल्याशिवाय न दिसणारे शेंडे. इथले मोठे वृक्ष मेरांटी आणि सेराया या नावांनी ओळखले जाणारे, म्हणजे आपल्या सालवृक्षाच्याच वंशातले आहेत. त्यांच्या बुंध्यांना जमिनीलगत भिंतीसारखे फाकलेले आधार असतात. माती उथळ असल्याने मुळे खोल जाऊ शकत नाहीत आणि एवढी उंची पेलण्यासाठी झाड असा पाया रुंद करते. फांद्यांच्या बेचक्यात बसलेली पक्षिघरट्यासारखी नेचेही इथे दिसतील. ती झाडाचे काही खात नाहीत, वरून गळणारी पाने साठवून त्यांवर जगतात.

आखलेली वाट सोडून पाऊल टाकू नये. वारा सुटला किंवा वीज चमकू लागली तर या भागातून बाहेर पडून छप्पर गाठावे. ही केवळ सावधगिरीची सूचना नाही: फेब्रुवारी २०१७ मध्ये याच उद्यानात २७० वर्षांहून अधिक वयाचा एक टेंबुसू कोसळून एका महिलेचा मृत्यू झाला आणि काही जण जखमी झाले होते. जुन्या झाडांची तपासणी नियमित होते, तरीही वादळात त्यांच्याखाली थांबण्याचे काही कारण नाही.

तिसरा टप्पा: आले, ऑर्किड आणि तिकिटाचा निर्णय

वर्षावनातून बाहेर पडून खाली आल्यावर आल्याच्या कुळाची बाग लागते. मराठी स्वयंपाकघराशी तिचा थेट संबंध असूनही पर्यटक ती ओलांडून शेजारच्या ऑर्किडांकडे जातात. आले, हळद, वेलदोडा, सोनटक्का हे सगळे एकाच कुळातले, आणि केळ व कर्दळ ही त्यांची जवळची भावंडे. इथे या साऱ्या मोठ्या गोतावळ्यातल्या जाती एकत्र लावल्या आहेत. त्यांची पाने बाजूबाजूला पाहिली की नाते आपोआप उमगते: मधल्या शिरेपासून कडेकडे जाणाऱ्या समांतर रेषा, आणि देठाने एकमेकांवर गुंडाळून केलेले खोटे खोड. छोट्या धबधब्याच्या मागून जाणारी वाट आहे, तिथे मुलांना थोडा वेळ द्यावा आणि मोठ्यांनी बसून घ्यावे.

याच ठिकाणी तिकिटाचा निर्णय घ्यायचा असतो. १९९५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ऑर्किड उद्यानात हजाराहून अधिक मूळ जाती आणि दोन हजारांच्या आसपास संकरित वाण आहेत. ते सकाळी साडेआठला उघडते. परदेशी प्रौढांसाठी तिकीट १५ डॉलर आहे, साठ वर्षांवरील ज्येष्ठांना आणि विद्यार्थ्यांना बरीच सवलत मिळते, बारा वर्षांखालील मुलांना पैसे पडत नाहीत. ज्येष्ठांनी पारपत्र सोबत ठेवावे. चौघांच्या कुटुंबाला हा खर्च करावा का, याचे उत्तर आवडीवर आहे. सातारा-कोल्हापूरच्या जंगलात पावसाळ्याच्या तोंडावर सीतेची वेणी झाडाला लोंबताना पाहून जे थांबतात, त्यांनी जरूर जावे, कारण शीतगृह आणि धुक्याच्या घरात वाढवलेल्या डोंगराळ जाती दुसरीकडे सहज पाहायला मिळत नाहीत. ज्यांना फक्त रंगीत पार्श्वभूमीचा फोटो हवा आहे, त्यांना तो विनामूल्य भागातही मिळेल. १९८१ पासून सिंगापूरचे राष्ट्रीय पुष्प असलेले व्हँडा मिस जोकिम हे जांभळट ऑर्किड आत नीट पाहता येते. अ‍ॅग्नेस जोकिम या आर्मेनियन वंशाच्या बागायतदार महिलेच्या नावावरून त्याचे नामकरण झाले आणि त्याचे वर्णन १८९३ मध्ये त्याच रिडली यांनी प्रसिद्ध केले. पाहुण्या राष्ट्रप्रमुखांची नावे नव्या संकरित वाणांना देण्याची प्रथाही इथे आहे. २०१८ मध्ये नरेंद्र मोदी यांचे नाव डेंड्रोबियम प्रकारच्या एका ऑर्किडला दिले गेले. आत किमान एक तास लागतो.

चौथा टप्पा: मधला पट्टा

यापुढचा रस्ता उताराचा आणि सोपा आहे. पाम व्हॅलीत नारळ-सुपारीच्या कुळातली झाडे गटागटाने लावलेली आहेत. तिच्या शेवटी सिंफनी लेक आणि पाण्यात उभारलेले संगीतमंच दिसते. तिथे काही शनिवार-रविवारी संध्याकाळी विनामूल्य मैफली होतात. नॅसिम दरवाज्याजवळच्या अभ्यागत केंद्रात स्वच्छतागृह, पाणी आणि खाण्याची सोय आहे, तेव्हा न्याहारीची चटई याच भागात पसरावी.

पुढे उत्क्रांतीची बाग येते. शेवाळ, नेचे, सायकस, सूचिपर्णी आणि मग फुलझाडे असा पृथ्वीवरच्या वनस्पतींचा क्रम एका वळणदार वाटेवर मांडला आहे. आठवी-नववीतल्या मुलांसाठी याहून चांगला जीवशास्त्राचा धडा नाही. तिच्याजवळची औषधी वनस्पतींची बाग शरीराच्या अवयवांप्रमाणे विभागलेली आहे आणि तिच्यात आग्नेय आशियात वापरल्या जाणाऱ्या चारशेहून अधिक वनस्पती आहेत. तुळस, कोरफड, अडुळसा यांच्या नात्यागोत्यातले बरेच काही तिथे सापडते. इथली एक खबरदारी मात्र पाळावी: ओळखीची वाटली म्हणून कोणतीही पाने तोंडात घालू नयेत, कारण त्यांपैकी काही विषारीही आहेत आणि सारखी दिसणारी पाने सारखी नसतात.

पाट्या कशा वाचाव्यात

प्रत्येक महत्त्वाच्या झाडाला पाटी असते आणि तिच्यावर शास्त्रीय नाव, कुळ आणि मूळ प्रदेश लिहिलेला असतो. स्थानिक नाव मलाय असल्याने ते आपल्याला काही सांगत नाही. अशा वेळी शास्त्रीय नावाचा पहिला शब्द पकडावा. ‘कॅलोफायलम इनोफायलम’ दिसले की ती कोकण किनाऱ्यावरची उंडी असते. ‘अ‍ॅडेनँथेरा पावोनिना’ म्हणजे लाल चकचकीत बियांची रतनगुंज. ‘सायबा पेंटँड्रा’ म्हणजे पांढरी सावर. ‘कुरूपिटा गियानेन्सिस’ म्हणजे कैलासपती. कैलासपतीची फुले फांद्यांवर न येता थेट खोडातून निघालेल्या डहाळ्यांवर येतात, आणि आपण जिला शंकराची पिंड आणि वरचा नागफणा समजतो ती खरे तर पुंकेसरांची वळलेली पट्टी आहे. हे झाड मूळचे दक्षिण अमेरिकेतले, हेही पाटीवरच कळते, आणि आपल्या देवळांच्या आवारात ते किती अलीकडे आले असेल याचा विचार सुरू होतो.

पाचवा टप्पा: उत्तर टोक आणि मुले

शेवटच्या भागात इको लेक, बांबूची बेटे आणि मसाल्यांची, फळांची व लाकडासाठी वापरली जाणारी झाडे आहेत. ऊन चढलेले असल्याने इथे रेंगाळावेसे वाटत नाही. मुले सोबत असतील तर मात्र जेकब बॅलस बालोद्यान चुकवू नये. तिथला नियम जगावेगळा आहे: चौदा वर्षांपर्यंतचे मूल सोबत असेल तरच मोठ्यांना प्रवेश मिळतो. पाण्याचे फवारे आहेत, म्हणून मुलांचे सुके कपडे आणि पंचा बॅगेत हवा.

प्राणी आणि नियम

उद्यानात मोठ्या घोरपडी, रानकोंबड्या आणि पाणमांजरे मोकळेपणाने फिरतात. घोरपड माणसाला पाहून सरकून जाते, तिची वाट अडवली नाही म्हणजे झाले. पाणमांजरे टोळीने राहतात आणि पिल्ले सोबत असताना आक्रमक होतात. २०२१ च्या अखेरीस इथे पहाटे चालणाऱ्या एका माणसाला त्यांनी अनेक चावे घेतले होते, त्यामुळे फोटोसाठी जवळ जाऊ नये. वन्य प्राण्यांना आणि पक्ष्यांना खाऊ घालणे हा सिंगापूरमध्ये गुन्हा आहे आणि पहिल्याच वेळी पाच हजार डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. कबुतरांना दाणे टाकण्याची सवय असलेल्या ज्येष्ठांना हे निघण्यापूर्वीच सांगून ठेवावे. फुले तोडू नयेतच, पूजेसाठी म्हणून खाली पडलेले फूल, फळ किंवा बीही उचलू नये. ड्रोन परवानगीशिवाय उडवता येत नाही आणि संपूर्ण उद्यानात धूम्रपानाला बंदी आहे.

वेळ किंवा शक्ती कमी असेल तर

गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी टँगलिनकडून चढ घेण्याऐवजी टॅक्सीने थेट नॅसिम दरवाज्यापाशी उतरावे. तिथून सिंफनी लेक, आल्याची बाग आणि पाम व्हॅलीचा खालचा भाग दीड तासात, फारसा चढ न चढता पाहता येतो, आणि परत त्याच ठिकाणी टॅक्सी मिळते. दोनच तास हाताशी असलेल्या तरुणांनी टँगलिन, नोटेवरचे झाड, वर्षावन आणि आल्याची बाग एवढे पाहून नॅसिम दरवाज्याने बाहेर पडावे. पूर्ण मार्ग चालणाऱ्यांना बुकित तिमाह दरवाज्याशी पोहोचायला साधारण साडेअकरा वाजतात. मेट्रोचे प्रवेशद्वार समोरच आहे. चालत थोड्या अंतरावर अ‍ॅडम रोडचे खाद्यकेंद्र आहे, पण तिथली ख्याती नारळाच्या दुधातल्या भाताबरोबर मिळणाऱ्या मांसाहारी पदार्थांची आहे. शाकाहारी मंडळींनी तीन स्थानके पुढे लिटल इंडियाला जाऊन जेवावे. दुपारच्या सरी कोसळू लागण्यापूर्वी ताटावर बसायला तेवढा वेळ पुरतो.